तो मुका मार नव्हता

आमच्या टेबलावर गेली अठरा वर्षे बिले येतात. सोबत पावती जोडलेली नसेल, सही अर्धवट असेल, बेरजेत एका रुपयाचाही फरक असेल तर शेरा मारून बिल परत पाठवावयाचे, हे आमचे काम. त्यामुळे कार्यालयात आमच्याविषयी फारसे कोणी गोड बोलत नाही. वस्तीतही कोणाचा दाखला अडला, पेन्शन थांबली, रेशनकार्डावर नाव चुकले की माणसे आमच्याकडे येतात आणि आम्ही चष्मा पुसून कागद वाचावयास बसतो. अशा आमच्या हाती आमच्या सख्ख्या आईचा एक कागद आला होता. त्यावर अवघी दीड ओळ होती. ती आम्ही नीट वाचली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

2024 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. रविवारी सकाळी आई मोरीत पडली. वय 74. आम्ही विक्रोळीत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पडायच्या आदल्या दिवसापर्यंत ती भाजीची पिशवी घेऊन तीनही जिने चढत होती, हे पुढे कामास आले म्हणून सांगून ठेवतो. ऐन तारुण्यात तिने बिगारी म्हणून इमारतींवर घमेली वाहिली, आम्हा तिघा भावंडांना शिकविले. पडल्यावर ती स्वतःच भिंतीला धरून उठली, खाटेपर्यंत आली आणि म्हणाली, "आरं, मला काय न्हाई झालं. चा टाका."

दुपारी मात्र जांघेत कळा येऊ लागल्या. नाक्यावरच्या एका खासगी दवाखान्यात रिक्षाने नेले. तिथल्या डॉक्टरांनी तिला चाकाच्या खुर्चीतून उतरवले नाही. एक एक्स-रे काढला, समोरून. रिपोर्टवर इंग्रजीत लिहिले होते, 'नो ऑब्व्हियस बोनी इन्ज्युरी'. डॉक्टर म्हणाले, "मुका मार आहे. चालवा, नाही तर सांधा आखडेल." दुखण्याच्या गोळ्या दिल्या. आम्ही हायसे वाटून परतलो.

आता पुढचे लिहिताना हात जड होतो. आत्याबाईंनी सोमवारी दोन वेळा तिळाचे तेल लावून मांडी चोळली. मंगळवारी संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर आम्ही स्वतः आईचे दोन्ही हात धरून तिला खोलीत पाच पावले चालवले. तिच्या कपाळावर घाम आला. ती "नको रे" म्हणाली. आम्ही काय म्हणालो? "आई, थोडं सोसायला शीक." तिला, जिने आमच्यासाठी काय काय सोसले!

त्याच रात्री अकराच्या सुमारास ती खाटेवरून उतरायला वळली आणि ओरडली. आम्ही दिवा लावला तो डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेले. टाच उचल म्हटले तर उचलेना. त्या पायाकडे पाहून वैद्यकी न शिकलेल्या माणसालाही कळावे की हे मुक्या माराचे काम नव्हे.

मंडळाच्या चार मुलांनी तिला चादरीत नव्हे, कपाटाच्या फळीवर घेऊन खाली आणले. शेजारचा मुलगा एका रुग्णालयात वॉर्डबॉय आहे, त्याने सांगितले की पाय ओढू नका, सरळ करायला जाऊ नका, जसा आहे तसा उशीवर ठेवा. मध्यरात्रीनंतर आम्ही एका सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात पोचलो.

तेथे एक तरुण निवासी डॉक्टर होती. आमच्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिने प्रथम पायाकडे पाहिलेच नाही. आईच्या तोंडाशी वाकून विचारले, "आजी, पडायच्या आधी काय झालं होतं? पाय घसरला, की चक्कर आली? छातीत दुखलं? डोळ्यापुढं अंधारी आली?" आम्ही मध्येच म्हणालो, "मोरी ओली होती, घसरली." डॉक्टर म्हणाली, "काका, त्यांना बोलू द्या." आणि आई म्हणाली, "चक्कर आली. पंधरा दिस झाले, येतीया."

पंधरा दिवस! घरात पाच माणसे, आणि एकालाही ठाऊक नाही.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला, तो ऐकून आमच्या पोटात गोळा आला. "वजन उतरलंय का? छातीत कधी गाठ वगैरे?" कारण काही वेळा पडल्यामुळे हाड मोडत नाही, हाडच आतून पोखरलेले असते, ते मोडते म्हणून माणूस पडतो. कर्करोग शरीरात दुसरीकडे असून हाडात उतरलेला असू शकतो. अशी शंका असली तर नुसत्या खुब्याचा नव्हे, मांडीच्या अख्ख्या हाडाचा गुडघ्यापर्यंत फोटो काढावा लागतो. नाही तर वर सळई बसवावयाची आणि खाली दुसरा पोखरलेला भाग राहून जावयाचा. आईचा तसा फोटो काढला. हाड विरळ झालेले होते, पोखरलेले नव्हते. तो अर्धा तास कसा गेला ते आम्हांलाच माहीत.

एक्स-रेला नेण्याआधी तिथल्या भूलतज्ज्ञांनी आईच्या जांघेजवळ एक सुई देऊन मांडीच्या नसा बधिर केल्या. दोन दिवस जी कण्हत होती ती वीस मिनिटांत शांत झाली. मोडलेल्या पायाला वीट बांधून टांगतात हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले; आम्ही विचारलेही, "वजन नाही लावत?" डॉक्टर म्हणाली, ऑपरेशनपूर्वी तसे वजन लावून दुखणे कमी होते असे दिसून आलेले नाही. पायाखाली उशी पुरे.

फोटो या वेळी एक नव्हे, तीन निघाले. दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा समोरून. चांगला पाय वर उचलून मोडलेल्या बाजूचा आडवा. आणि मांडीचा लांब. मग तिने आमच्याकडचा रविवारचा फोटो मागितला. कारकुनी सवयीने आम्ही फाईल बरोबर घेतली होती. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी दिव्यावर लावून ती बराच वेळ पाहत राहिली. तोपर्यंत वरिष्ठ डॉक्टरही आले. त्यांनी जुन्या फोटोवर पेनाचे टोक टेकवले. "इथं. दिसली तर दिसते, नाही तर नाही."

आम्हांला दिसली नाही. केसाएवढी रेघ असेल, असे त्यांचे म्हणणे.

त्यांनी आमची समजूत घातली ती मुद्दाम लिहून ठेवतो. खुब्याची काही मोडणी साध्या एक्स-रेत उमटतच नाही. शंभरात दोनपासून दहापर्यंत, असा हिशेब वैद्यकाच्या पुस्तकांतून देतात. हाडाची दोन टोके एकमेकांत रुतून बसतात, माणूस कसाबसा चालूही शकतो. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला पडल्यानंतर जांघेत दुखत असेल, पाय हलके फिरवला किंवा टाचेवर टिचकी मारली तरी कळ जात असेल, पायावर भार घेता येत नसेल, तर फोटो स्वच्छ असला तरी मोडले आहे असेच धरून चालावयाचे आणि एम.आर.आय. करावयाचा. एम.आर.आय.ची सोय नसेल, किंवा अंगात पेसमेकर वगैरे असून तो चालत नसेल, तर सी.टी. स्कॅन. तोवर चालवावयाचे नाही. कधी कधी कळ जांघेत न जाणवता गुडघ्यात जाणवते आणि लोक गुडघ्याचाच फोटो काढून घरी जातात, हेही त्यांनी सांगितले.

आम्ही फाईलमधला रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. 'नो ऑब्व्हियस'. म्हणजे उघडपणे दिसणारी इजा नाही. इजाच नाही, असे त्या कागदाने म्हटलेलेच नव्हते. बिलावर 'अदमासे' असा शब्द असता तर आम्ही ते तीनदा परत पाठविले असते. त्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी आईला खाटेवर निजवून पाय हलवून पाहावयास हवा होता, ही त्यांची चूक. पण कागद तर आमच्या हातात होता.

आणि या चुकीची किंमत काय, तेही ऐका. मांडीच्या हाडाचे वरचे टोक म्हणजे एक गोळा. तो खुब्याच्या वाटीत बसतो. गोळ्याखाली मान, आणि मानेभोवती सांध्याची पिशवी. गोळ्याला रक्त पोचविणाऱ्या बहुतेक बारीक वाहिन्या या मानेला चिकटून वर जातात. मान नुसती तडकली, जागची हलली नाही, तर वाहिन्या बऱ्याचदा शाबूत राहतात. बारीक चिरा देऊन दोन-तीन स्क्रू घातले की हाड सांधण्याची चांगली आशा असते. मान सरकली की वाहिन्या तुटतात आणि गोळा हळूहळू वाळतो. या मोडणीच्या चार पायऱ्या गार्डन नावाच्या एका ब्रिटिश सर्जनने 1961 साली ठरवून दिल्या, अजून सर्व जग त्याच वापरते. आई रविवारी पहिल्या पायरीवर असावी. मंगळवारी रात्री ती चौथीवर होती. स्क्रूचे काम आता गोळा काढून धातूचा बसविण्यावर आले होते.

मोडणी पिशवीच्या बाहेर, जरा खाली असेल तर गणित वेगळे. तिथल्या हाडाला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे ते सांधते. सळई किंवा पट्टी घालून बसवितात. पण तिथे रक्तस्राव फार. मांडी वरून नुसती सुजलेली दिसते आणि आत बाटली-दोन बाटल्या रक्त साचलेले असते. म्हणून नेमके कोठे मोडले, हे कळल्याखेरीज कोणते ऑपरेशन, किती रक्त लागेल, काहीच ठरत नाही. आईच्या फोटोत त्यांनी वाटीही पाहून घेतली. "वाटी चांगली आहे, झिजलेली नाही. नुसता गोळा बदलू," असे वरिष्ठ डॉक्टर म्हणाले.

बुधवारी सकाळी रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन 9.4. साखर ठीक. मूत्रपिंडाचे काम ठीक. आणि सोडियम 117.

हे सोडियम म्हणजे मिठातला घटक. रक्तात तो 135 ते 145 असावा लागतो. 120 च्या खाली भूल देणे धोक्याचे. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आमच्या पत्नीने शहाणपणाने घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून आणली होती. त्यात रक्तदाबाची गोळी निघाली. तिच्यात लघवी वाढविणारे औषधही मिसळलेले होते. अशा औषधाने म्हाताऱ्या माणसांचे, त्यातही बायकांचे, सोडियम उतरू शकते. मग चक्कर, झोकांड्या, विसरभोळेपणा. "शेवटची रक्ततपासणी कधी केली होती?"

आम्ही गप्प. ती गोळी अडीच वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी लिहून दिली होती. तेव्हापासून दरमहा रिकामे पाकीट खिशात घालून औषधाच्या दुकानात जावयाचे आणि तसेच भरलेले आणावयाचे, हे काम आम्हीच केले. वस्तीत आरोग्य शिबिरे भरविली, त्यांचे अहवाल लिहिले. आईचे रक्त अडीच वर्षांत एकदाही तपासले नाही. मोरीतल्या पाण्यावर दोष ढकलून आम्ही मोकळे झालो होतो.

त्या रात्री वॉर्डात आईने आम्हांला ओळखले नाही. आमच्या वारलेल्या मामाच्या नावाने हाक मारली, अंगावरची सलाईनची नळी ओढू लागली, "ठेकेदार आला, घमेलं दे" म्हणून उठू लागली. पाहायला आलेल्या आत्याबाई रडत म्हणाल्या, "हिचं आता काय खरं नाही. उगाच चिरफाड करू नका." गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला की या वयात ऑपरेशन नको, इकडे हाडवैद्य आहे, घेऊन या. आमचाही निश्चय डळमळला, खोटे कशाला सांगावे?

वरिष्ठ डॉक्टरांनी आम्हां सर्वांना बाकावर बसविले. त्यांनी सांगितले ते असे. हा भ्रम सोडियम, दुखणे, जागरण आणि परकी जागा यांच्या मिळून आहे. वेड नव्हे, म्हातारचळही नव्हे. ऑपरेशन न केल्यास आजी महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहतील. पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, पायात रक्ताच्या गाठी होतील. मोडलेल्या खुब्याने माणूस लगेच मरत नाही, पडून राहिल्याने मरतो. म्हणून शक्यतो पहिल्या दीड-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावे. पण 117 सोडियमवर उचलून टेबलावर घेणे हेही बरोबर नाही.

"मग भराभर वाढवा ना," भाऊ फोनवरून म्हणाला. डॉक्टर म्हणाले, तेच करता येत नाही. सोडियम फार वेगाने वर नेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दिवसाला आठ-दहाच्या वर जाऊ द्यावयाचे नाही. ती गोळी बंद, सलाईन मोजून, आणि दर सहा तासांनी रक्त. आत्याबाईंनी घरून मिठाचे पाणी आणण्याची तयारी दाखविली, ती डॉक्टरांनी हात जोडून थांबविली.

सकाळी डॉक्टरीणबाई आईची स्मृती तपासावयास आल्या. साल कोणते, ही जागा कोणती, वय किती. मग म्हणाल्या, "वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणा." आई गोंधळली. आम्हांला राहवले नाही. आम्ही म्हटले, "बाई, ती शाळेत गेलेली नाही. तिला उलटे आकडे धडधाकट असतानाही येत नव्हते. हिशेब विचारा." त्या बाईंचा मोठेपणा असा की त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आजी, पाचशेची नोट दिली, साडेतीनशेची भाजी-मासळी घेतली. परत किती?" आई क्षणभर छताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दीडशे. पर साडेतीनशेचं घेतलं कुनी?" वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. त्या दिवशी सकाळी सोडियम 123 होते.

गुरुवारी ऑपरेशन होईल म्हणून बुधवारी रात्री दहापासून तिला उपाशी ठेवले होते. गुरुवारी दुपारी तीन वाजता निरोप आला की अपघाताच्या केसेस आल्या, आज नाही. सतरा तास तोंडात पाण्याचा थेंब नाही! आम्ही सिस्टरांशी भांडलो. नंतर भूलतज्ज्ञांनीच सांगितले की अन्न सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. 'रात्री दहापासून काही नाही' हा सरसकट शिरस्ता म्हाताऱ्या माणसाला सुकवितो. सोडियमसाठी थांबलो ते योग्य होते. पण गुरुवारचा तो दिवस मात्र वाया गेला, असे आमचे आजही मत आहे.

आणखी एक दिवस वाया जाता जाता वाचला. कोणीतरी कागदावर हृदयाचा टू-डी इको लिहिला होता. त्याची तारीख सोमवारची मिळत होती. भूलतज्ज्ञ मॅडम स्वतः आल्या, छातीला नळी लावून नीट ऐकले, ई.सी.जी. पाहिला, छातीचा एक्स-रे पाहिला. हृदयाच्या झडपेचा विशिष्ट आवाज ऐकू येत नाही, पायाला सूज नाही. मग त्यांनी आम्हांला विचारले, "पडायच्या आधी किती चालायच्या?" आम्ही तीन जिने आणि भाजीची पिशवी सांगितली. त्यांनी इकोवर काट मारली. एखादी तपासणी कधी हवीच असते आणि कधी ती केवळ कोणाच्या तरी मनाच्या समाधानासाठी असते. आमच्या खात्यातही असे शेरे पुष्कळ असतात, म्हणून आम्हांला ते पटकन समजले. झडपेचा आवाज असता तर इको हवाच होता, हेही त्या म्हणाल्या, कारण आकुंचित झडपेच्या माणसाला पाठीतून भूल देताना रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे आहेत का, हेही त्यांनी दोनदा विचारले. तशी औषधे चालू असतील तर भूल आणि वेळ दोन्हींचा विचार बदलतो. ती लपविणे किंवा आपल्या मनाने बंद करणे, दोन्ही वाईट.

रक्तगट जुळवून दोन पिशव्या राखून ठेवल्या. मंडळाच्या मुलांपैकी पाच जण रक्त द्यायला आले होते, त्यातल्या दोघांचे घेतले नाही, एकाचे स्वतःचेच हिमोग्लोबिन कमी निघाले. वय 22. त्याला आता आम्ही सोडणार नाही.

शासनाच्या आरोग्य योजनेचे कागद हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. शिधापत्रिकेवर आईचे नाव एक, आधारवर आडनावाचे स्पेलिंग दुसरे. सरकारी महात्मा जोतिराव फुले योजनेच्या खिडकीवरील आरोग्यमित्राने ते कसे मार्गी लावावे ते सांगितले. मंजुरीसाठी एक्स-रे आणि रिपोर्ट लागतात, म्हणून फिल्म हरवू नयेत, एवढेच येथे नमूद करतो.

पुढे वेळ मिळाल्यावर आम्ही या विषयाची थोडी माहिती काढली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2020 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. भारतासह 17 देशांतील 69 रुग्णालये, 2970 रुग्ण. निम्म्यांच्या बाबतीत सगळी धावपळ करून मोडणीचे निदान झाल्यापासून सरासरी सहा तासांत ऑपरेशन केले, बाकीच्यांचे नेहमीच्या पद्धतीने सुमारे चोवीस तासांनी. मृत्यूंच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले. ते वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सहा तासांत तपासण्या होऊ शकतात. रांगेत उभ्या केल्या तरच त्यांना चार दिवस लागतात.

शुक्रवारी सकाळी सोडियम 129. अकरा वाजता आईला आत घेतले. पाठीतून भूल. आत जाताना ती पूर्ण शुद्धीवर होती, आमचे नाव घेऊन म्हणाली, "तू जेवला का?" दीड तासाने बाहेर आली. शनिवारी सकाळी दोन फिजिओथेरपीच्या मुलींनी तिला वॉकर धरून उभी केली. तीन पावले. आम्ही हात पुढे केला तर म्हणाली, "तू नगं धरू. मागल्या बारीला लई चालवलंस." बाकीचे सारे हसले. आम्ही खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो.

नवव्या दिवशी मुलांनी तिला खुर्चीत बसवून तीन जिने वर आणले. मोरीत दोन लोखंडी दांडे बसविले, पाट काढून उंच स्टूल ठेवले. रक्तदाबाची गोळी बदलली. हाड विरळ झाल्याचे औषध चालू झाले, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वासह. डोळे तपासले तर एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. तेही ऑपरेशन डिसेंबरमध्ये करून घेतले. आता ती काठी घेऊन खाली नाक्यापर्यंत जाते, जिन्यात मात्र कठड्याला धरते.

नाक्यावरच्या त्या दवाखान्यात आम्ही दोन्ही फिल्म घेऊन गेलो होतो. भांडायचे ठरवून गेलो, पण डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी पाय हलवून पाहायला हवा होता." आता तिथे कोणी म्हातारे माणूस पडून आले तर एका फोटोवर घरी पाठवीत नाहीत, असे आमच्या शेजारणीच्या सासऱ्याच्या वेळी दिसून आले. त्यांना थेट एम.आर.आय.ला धाडले. सुदैवाने त्यांचा खरोखरच मुका मार निघाला.

आई सोडियमला 'सोडा' म्हणते. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला जाताना शेजारणीला सांगते, "सोडा मोजून येते." रिपोर्ट आला की आम्ही तो तिच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, मग फाईलला लावतो. परवाचा 137 होता.